जांभळ्या रेशमाचा बंद

मेंग सरकारांच्या घरात कुणाचं काय चाललंय, हे सगळ्यांत आधी सोप्सोबीला कळायचं, आणि त्यासाठी तिला कुणाच्या दाराला कान लावावा लागत नसे. कपडे धुवायच्या आधी उसवावे लागत. बंडी असो की घागरा, प्रत्येक शिवण काढायची, तुकडे सुटे करायचे. तुकडे ओढ्यावर जात, राखेच्या पाण्यात उकळत, खळ घालून दगडावर मोगरीने बडवले जात, आणि मग पुन्हा सोप्सोबीच्या पुढ्यात येऊन पडत. ती ते परत जोडायची. म्हणजे घरातला प्रत्येक माणूस दर धुण्याला तिच्या हातून सुटा होऊन पुन्हा उभा राहायचा. धाकट्या सरकारांच्या बाहीला कुठल्या दारूचा वास आहे, थोरल्या सरकारांचा अंगरखा दरबारात गुडघे टेकून टेकून कुठे विरलाय, थोरल्या बाईसाहेबांच्या बाहीच्या आतल्या बाजूला डोळे पुसल्याचे डाग किती जुने आहेत, सगळं तिला माहीत. ती बोलायची मात्र नाही. दातांत सुई धरलेली बाई किती बोलणार?

सोप्सोबी म्हणजे हिरमोड. तिसरीही मुलगीच झाली तेव्हा बाप कागदाचे ओले ताव भिंतीवर वाळत घालत होता. त्याने मागे वळूनही न बघता हे नाव ठेवलं. पहिला नवरा मापोच्या धक्क्यावरचा नावाडी, तो पुरात गेला. दुसरा मीठ विकायचा. तो बरा होता, म्हणजे मारायचा नाही. एक दिवस त्याने कात्री घेतली, आपल्या बंडीच्या गळ्याचा तिकोनी तुकडा कापला आणि तिच्या हातात ठेवला. गरिबांची फारकत एवढीच असते.

"दुसरी मिळाली वाटतं," सोप्सोबी म्हणाली.

"इंचॉनची आहे. तिला मुलगा आहे आधीचा."

"बरं झालं. पण कात्रीला धार तरी लावायचीस. कापड चावल्यासारखं कापलंयस."

तो तुकडा तिने पुढे कुणाच्या तरी ठिगळाला वापरून टाकला आणि राजधानी हानयांगच्या उत्तरेच्या वस्तीत, थोरामोठ्यांच्या कौलारू घरांमध्ये शिवणकाम शोधत आली. मेंगांकडे ती टिकली, कारण तिचा टाका बारीक होता आणि जीभ जागेवर होती.

अशा बाईला कुणाची कीव यावी असं वाटणार नाही. पण घरातल्या थोरल्या सुनेकडे बघताना तिला आयुष्यात पहिल्यांदा आपण सुखी आहोत असं वाटायला लागलं.

ही सून युन घराण्यातली, म्हणून तिला युनबाई म्हणत. सतराव्या वर्षी आली तेव्हाच नवरा अंथरुणाला लागलेला होता. पुढचा शरद ऋतू त्याने पाहिला नाही. तेव्हापासून ती पांढऱ्या कपड्यांत मागच्या घरात राहत होती. तिच्या दारातून लोणच्याच्या रांजणांचा ओटा दिसायचा आणि पूर्वजांच्या देवघराची भिंत. बास. सोप्सोबीसारख्यांत नवरा मेला तर बाई रडते, मग दुसरं घर करते. थोरांच्या घरात तसं नसतं. तिथे विधवेने स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणायचं नाही. 'ही अजून न मेलेली' असं म्हणायचं. जणू काही काम राहून गेलंय आणि त्याची आठवण तिने स्वतःच सगळ्यांना करून द्यायची.

विधवेने एकटं बसू नये म्हणून तिच्या सासूने, थोरल्या बाईसाहेबांनी, सोप्सोबीला शिवण घेऊन तिच्याजवळ बसायला सांगितलं. पहिलं वर्ष दोघी जवळजवळ बोलल्याच नाहीत. सोप्सोबी शिवायची, युनबाई बघायची. मग एकदा युनबाईने हळूच विचारलं, "नदी केवढी असते गं मापोला?"

"तुम्ही आला नाहीत का ओलांडून?"

"डोली बंद होती. आवाज ऐकला होता फक्त."

सोप्सोबीने सांगितलं, नदी केवढी असते ते.

थोरल्या बाईसाहेबांचा भाचा, भावाचा मुलगा, क्वॉन दोहॉन, त्या घरात लहानपणापासून बागडलेला. राजपरीक्षेत दोनदा नापास झालेला, पण अक्षर असं की बघत राहावं, आणि बोलणं त्याहून गोड. आत्याकडे आला की तो सगळ्या घरातून फिरायचा. घरचंच लेकरू, त्याला कोण अडवणार? वसंतात एक दिवस तो मागच्या घराच्या लाकडी ओसरीवर येऊन बसला. कागदी दार लावलेलं होतं. सोप्सोबी दाराबाहेर शिवत होती.

"वहिनीसाहेब, आत्याने वाळवलेली बोरं पाठवलीत," तो दाराकडे बघून म्हणाला.

"ठेवा तिथे," आतून आवाज आला. "ही अजून न मेलेली बोरं खात नाही."

"अजून न मेलेली." त्याने ते शब्द बोरासारखे तोंडात घोळवले. "सोप्या भाषेत याला जिवंत म्हणतात ना? काय गं शिवणकरणी, तू शहाणी दिसतेस, तू सांग."

सोप्सोबीने दातांतली सुई काढली. "मला काय विचारता, मालक? मी दोनदा मेले आणि दोनदा उठून कामाला लागले."

दाराआड काहीतरी झालं. आधी सोप्सोबीला वाटलं बाईंना खोकला आला. मग कळलं की ते हसू होतं. इतक्या वर्षांनी वापरलेलं, त्यामुळे गंजलेल्या कुलपासारखं आधी अडकलं आणि मग उघडलं.

सोप्सोबीची चूक कुठे सुरू झाली असं विचारलं तर तिथेच. ते हसू तिला आवडलं.

त्यानंतर दोहॉन येत राहिला. सोप्सोबीसाठी त्याने चीनहून आलेल्या सुया आणल्या, इतक्या बारीक की धाग्यालाच लाज वाटावी. आणि सोप्सोबी शिवण घेऊन ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागली. तिथे उजेड चांगला येतो म्हणून.

स्वयंपाकघरातली आनसॉन्गवाली एकदा रांजणातून सोयाबीनचा रस काढायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गं, उजेड दुपारीच तिकडच्या बाजूला गेला. तू इथे उन्हाची राखण करतेस की सावल्यांची?"

"तू तुझ्या भाताची राखण कर. करपला तर धूर थेट बाईसाहेबांच्या नाकात जातो."

"माझा भात करपला तर मी दुसरा लावीन," आनसॉन्गवाली म्हणाली. "इथलं करपलं तर काय लावशील?"

सोप्सोबी हसली. तिला वाटलं, करपायला काय आहे इथे? दोन माणसं बोलतात, मध्ये कागदाचं दार आहे. पण पावसाळा सरता सरता ते दार बोटभर उघडं राहू लागलं, मग हातभर. युनबाईंच्या उसवायला आलेल्या बंडीला पाइनच्या काजळीच्या शाईचा आणि पुरुषी घामाचा वास यायला लागला. सोप्सोबीने ते तुकडे स्वतः धुतले, ओढ्यावर पाठवले नाहीत.

सुगीच्या सणाआधी युनबाईने पेटीतून एक बंडी काढली. लग्नाच्या वेळची, फिकट पिवळी, बंद मात्र पांढरे. नवरा गेला तेव्हा जुने बंद काढून पांढरे लावले होते.

"सोप्सोबी, याला जांभळे बंद लावून देशील?"

सोप्सोबीचा हात थांबला. जांभळा बंद म्हणजे नवरा हयात. बाहीला निळी पट्टी म्हणजे पदरी मुलगा. रस्त्यात बाई दिसली की लोक आधी छातीवरचा बंद बघतात, मग तोंड. विधवेच्या छातीवर जांभळा बंद म्हणजे काय, हे सांगायला शिवणकरीण लागत नाही.

"बाई, ते नको. दुसरं काहीही सांगा."

"बाहेर कुठे जाणार आहे मी? या खोलीत घालीन. एक संध्याकाळ. मग तूच उसवून टाक."

"आणि कुणी पाहिलं तर?"

"ज्याने बघायचं त्याने बघावं एवढंच हवंय मला." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुला सगळं मिळालं गं. तुला टाकून दिलं, तेसुद्धा मिळालं. मला तर कुणी टाकूनही दिलं नाही."

सोप्सोबीने तुकड्यांची टोपली पुढे ओढली. थोरल्या बाईसाहेबांच्या नव्या बंडीतलं जांभळं रेशीम उरलं होतं. तिने ते घेतलं. बंदाच्या टोकाला कोपरा आत दुमडून टाका लपवायची एक रीत तिला आईकडून मिळाली होती, कागद दुमडतात तशी. हानयांगमध्ये तसं दुसरं कुणी करत नसे आणि तिला त्याचा अभिमान होता. तो बंदही तिने तसाच केला. वाईट शिवणं तिला जमतच नव्हतं.

सण झाला. काही दिवसांनी युनबाईने ती बंडी तिच्यापुढे ठेवली. एक बंद होता, दुसरा नव्हता. सोप्सोबीने ती जागा अंगठ्याने चाचपली. फाडलेला नव्हता, कापलेलाही नव्हता. बसून, एकेक टाका काढून, कापडाला ओरखडा न येऊ देता उसवलेला होता.

"दिलात," सोप्सोबी म्हणाली.

"मागितला त्यांनी. आठवण म्हणून," युनबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा होता की सोप्सोबीला पुढचं विचारवेना.

त्यानंतर दोहॉन आला नाही. थंडीची पहिली झुळूक आली, तरी आला नाही. युनबाई दार हातभर उघडं ठेवून बसायची. सोप्सोबी आता पुन्हा दारापाशी बसू लागली होती. उजेड कुठेही असो.

बातमी मासळीवाल्याबरोबर आली. आनसॉन्गवालीने सोप्सोबीला सरपणाच्या खोलीत ओढलं.

"नदीकाठच्या मंडपात त्या भाच्याची आणि त्याच्या दोस्तांची पैज लागली होती म्हणे. काळ्या घोड्यावर. मेंगांच्या विधवेच्या छातीवरचा बंद आणून दाखवायचा. आणि तो पण पांढरा नाही चालणार, जांभळा. म्हणजे तिने त्याला नवरा मानलं असं होतं ना."

सोप्सोबीने खोलीचं दार आतून ओढून घेतलं.

"घोडा जिंकला मेल्याने. लगामाला तो बंद बांधला आणि घंटेच्या चौकातून फिरला. सगळ्या शहराने बघितलं. आणि सोप्सोबी, मासळीवाला म्हणाला, बंदाची टोकं अशी दुमडलेली होती, कागदासारखी." आनसॉन्गवालीने तिचा दंड घट्ट धरला. "काय केलंस गं तू?"

त्याच दिवशी थोरल्या बाईसाहेबांनी बोलावलं. दारं लावलेली होती. त्यांच्यासमोर बसकरावर तो बंद ठेवला होता. भाच्याकडून त्यांनी तो काढून घेतला होता. त्याला घोड्याचा वास येत होता.

"काम कुणाचं?"

"माझं, बाईसाहेब." नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"कुणासाठी केलंस?"

सोप्सोबीने जमिनीला कपाळ लावलं.

"हे बघ," थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "शहर बोलतंय, मीही बहिरी नाही. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. खरं सांग. खरं सांगितलंस तर पुढचं मी बघून घेते."

'मी बघून घेते' हे सोप्सोबीने एकदा ऐकलं होतं. काही वर्षांपूर्वी कातायच्या खोलीतल्या एका पोरीला धाकट्या सरकारांपासून दिवस गेले, तेव्हा. ती पोर कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. फक्त मागच्या विहिरीचं पाणी बरेच दिवस कुणी प्यालं नाही. सोप्सोबीच्या डोळ्यांसमोर ती विहीर आली आणि तिच्या काठावर पांढरा घागरा.

"मी चोरी केली," ती म्हणाली.

"काय?"

"रेशीम चोरलं. तुमच्या बंडीतून उरलेलं. बंद शिवले आणि ओढ्यापलीकडच्या गाणाऱ्या बाईला विकले. त्या बायांना आवडतं, नवरा असल्यासारखं मिरवायला. भाचेसाहेबांनी तिच्याकडूनच घेतला असणार. सूनबाईंना यातलं काही माहीत नाही. त्या तर दारही उघडत नाहीत."

बाईसाहेबांनी तो बंद उचलून तिच्यापुढे ठेवला.

"पुन्हा एकदा विचारते. नीट विचार करून बोल."

"शंभरदा विचारलंत तरी हेच सांगेन."

"मूर्ख बाई," थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, इतक्या हळू की जणू स्वतःशीच. मग त्यांनी थोरल्या सरकारांकडे निरोप पाठवला.

थोरल्या सरकारांनी बाहेरच्या अंगणाचा दरवाजा उघडा ठेवायला सांगितला. लोक जमले पाहिजेत. सोप्सोबीला गवताच्या चटईत गुंडाळलं आणि घरच्याच गड्यांना दंडुके दिले. ती चटई मिरच्या वाळवायची होती. मार खाताना तिचे डोळे झोंबत होते ते मारामुळे की मिरचीमुळे, हे तिला कळत नव्हतं. बाहेरून कुणीतरी ओरडत होतं, "चोरटी! हिच्यामुळे सतीसारख्या बाईवर आळ!" मागच्या घरातून आवाज आला नाही. येऊ नये असंच सोप्सोबीला वाटत होतं. गप्प राहा गं पोरी, गप्प राहा, असं ती चटईत तोंड खुपसून म्हणत राहिली.

नंतर तिला दरवाजाबाहेर टाकलं. चोर ठरलेल्या शिवणकरणीला उत्तरेच्या वस्तीत कोण सुई देणार? ती मापोला परतली, जिथे पहिला नवरा बुडाला होता. धक्क्यावर एका दारूच्या गुत्त्यामागची खोली मिळाली. नावाड्यांच्या विजारींना ठिगळं लावायची, मोबदल्यात जव आणि खारवलेली मासळी. पाठ सरळ व्हायला थंडी उजाडली. पण त्या खोलीत ती रडली नाही. पाठीच्या दुखण्याला एक गोड कड होती. हिरमोड नावाच्या बाईने कुणाचा तरी जीव वाचवला होता. नावाडी विचारत, "काय गं म्हातारे, पाठीला काय झालं?" ती म्हणायची, "थोरामोठ्यांनी थोपटलं."

भाजी खारवायच्या दिवसांत आनसॉन्गवाली खारातली कोळंबी घ्यायला मापोला आली. तिने टोपली खाली ठेवली आणि सोप्सोबीच्या उंबऱ्यावर बसली.

"कशा आहेत बाई?" सोप्सोबीने विचारलं. "जेवतात का?"

"गेल्या."

"कुठे?" सोप्सोबी म्हणाली, कारण क्षणभर तिला खरंच वाटलं की कुठेतरी गेल्या असतील.

आनसॉन्गवालीने बाहीने नाक पुसलं. "लोक म्हणतात, चोरट्या बाईमुळे नाव खराब झालं, ते त्यांना सहन झालं नाही. आपण शुद्ध आहोत हे दाखवायला अन्न सोडलं. असं म्हणतात."

"अन्न सोडलं?"

"ताटच जात नव्हतं गं." आनसॉन्गवालीचा आवाज फुटला. "थोरल्या सरकारांनी मला बोलावून सांगितलं, सुनेने उपवास धरलाय, ताट पाठवू नकोस. पहिल्या दिवशी मी तरी भाताची पेज घेऊन गेले. दाराला बाहेरून कडी होती आणि कडीपाशी गडी तोल्सोय बसलेला. तो म्हणाला, परत जा, मलाही जगायचंय. आतून बाईंनी मला हाक मारली. नावाने. त्यांना माझं नाव माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं."

सोप्सोबीने आपल्या हातातली विजार बाजूला ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"थोरल्या बाईसाहेब?"

"त्यांच्या खोलीतून ऐकू येत होतं, दोघांचं. त्या म्हणत होत्या, ठरलं होतं ते का बदलता? सरकार म्हणाले, तेव्हा ती डागाळलेली होती, आता नाही. काय ठरलं होतं, मला नाही माहीत."

सोप्सोबीलाही ते कळलं नाही. तिला एवढंच कळलं की तिचा मार फुकट गेला. हे दुःख मोठं होतं, पण त्याखाली अजून एक होतं, ते तिला पुढे कळणार होतं.

हिवाळ्यात राजधानीतल्या विद्वानांनी दरबाराकडे अर्ज केला, की मेंगांच्या पतिव्रता सुनेचा सन्मान व्हावा. पहिली सही क्वॉन दोहॉनची होती, आणि अर्जही त्याच्याच सुंदर अक्षरात. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. वसंतात मंजुरी आली. त्याबरोबर धाकट्या सरकारांना दरबारात हुद्दा मिळाला, दोहॉनलाही कुठल्याशा दप्तरात. आणि मेंगांच्या घरासमोर लाल रंगाचा उंच दरवाजा उभा राहिला. कुठे उघडणारा दरवाजा नाही तो. दोन खांब, वर आडवी पट्टी आणि त्यावर नाव. तेही तिचं स्वतःचं नाव नाही. मेंग अमुकतमुकची पत्नी, युन घराण्याची. घोड्यावरून जाणाऱ्याने तिथे खाली उतरायचं.

उद्घाटनाला सोप्सोबी गेली. कुणाला ती ओळखू आली नाही. मापोच्या वाऱ्याने तिचा चेहरा पार सुकवला होता. गर्दीत एक आई आपल्या मुलीला सांगत होती, "आणि ती दुष्ट शिवणकरीण होती ना, तिने बाईंचा बंद चोरून गणिकेला विकला."

"मग तिचं काय झालं?" मुलीने विचारलं.

"तिचे हात झडले."

सोप्सोबीने आपले हात बाहीत ओढून घेतले.

गर्दीपासून लांब, भिंतीच्या कडेला एक साधी डोली उभी होती. तिच्याजवळ पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती. थोरांच्या घरातली, पण गावाकडची. कपडे जुन्या पद्धतीचे. ती दरवाजाकडे बघत नव्हती. कपाळ आणि हनुवटी हुबेहूब युनबाईची. सोप्सोबी ठरवून आली नव्हती, पण पाय तिकडे वळले. एका माणसाला तरी खरं माहीत असावं असं तिला वाटलं.

"बाईसाहेब, तुम्ही युनबाईंच्या आई."

"कोण गं तू?"

"मी त्या घरात होते. त्यांच्या जवळ बसायची." सोप्सोबी गुडघ्यांवर बसली. "बाईसाहेब, हे सगळं खोटं आहे. त्यांनी अन्न सोडलं नाही. त्यांना उपाशी ठेवलं. त्यांना जगायचं होतं."

म्हातारीच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "माहीत आहे मला."

सोप्सोबीने मान वर केली.

"सगळंच माहीत आहे. तो मुलगा, ती पैज, सगळं. तिच्या सासूनेच मला कळवलं होतं. म्हणाली होती, मी शिवणकरणीला विचारते. तिने कबूल केलं की माझ्या हातात पुरावा आला, मग मी नवऱ्यापुढे ठेवते आणि सुनेला आजारी म्हणून तुमच्याकडे परत पाठवते. बंद डोलीत, कुणाला कळू न देता. पुन्हा तिचं नाव कुणी काढायचं नाही. नवराही याला तयार झालाय." तिने डोलीच्या दांड्यावर हात ठेवला. "मी माझी डोली पाठवली होती. हीच. मागच्या खोलीखालची चूल पेटवून ठेवली होती, जमीन गरम राहावी म्हणून. तिला थंडी सोसत नाही. भोई अर्ध्या वाटेवरून रिकामे परत आले. त्यांना निरोप मिळाला, शिवणकरणीने चोरी कबूल केली, सूनबाई निर्दोष आहेत, आता न्यायची गरज नाही."

"मला वाटलं," सोप्सोबीच्या तोंडून निघून गेलं, "मला वाटलं, खरं सांगितलं तर मारून टाकतील."

म्हातारीने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग बाहीत लपवलेल्या हातांकडे.

"बदनाम सून मारून कुणाला काय मिळतं?" ती म्हणाली. "तिला लपवतात. दरवाजा मिळतो तो निर्दोष बाई मेली तर."

पलीकडे वाजंत्री सुरू झाली होती. कुणीतरी मोठ्याने नाव वाचत होतं. सोप्सोबीला क्षमा मागायची होती, पण ती कशाची मागायची हे तिला मांडता येईना. तिने जमिनीवर कपाळ टेकलं आणि तशीच राहिली.

"ती तूच," म्हातारी म्हणाली.

"हो."

"चटईत गुंडाळून मारलं म्हणे."

"हो, बाईसाहेब."

"फार लागलं?"

"फार लागलं."

म्हातारी वाकून डोलीत बसली. भोयांनी दांडे खांद्यावर घेतले. पडदा सोडायच्या आधी ती खाली न बघता म्हणाली, "कमी लागलं."

सोप्सोबीने कपाळ उचललं नाही. आता तिचंही हेच म्हणणं होतं.